‘बँकेने कर्ज दिलं म्हणजे जागा निर्धोक’: नाही, मावशी

गेल्या रविवारी मावशीने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. ‘समुद्राजवळच्या उपनगरात घर घ्यायची हीच वेळ’ असं वर ठळक अक्षरांत, आणि खाली सहा मुद्दे. हाच मेसेज याआधी मला तीन ठिकाणांहून आला होता. तिन्ही वेळा मी तो न वाचल्यासारखा सोडून दिला. या वेळी सोडता आला नाही, कारण त्याच्याखाली माझ्या धाकट्या बहिणीने लिहिलं होतं, ‘आम्ही शनिवारी टोकन द्यायला जातोय.’ पदरात दोन मुलं, एका पगारावर चालणारं घर, आणि वीस वर्षांचा हप्ता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, बँकेचं कर्ज मंजूर आणि महारेरा (राज्याचं गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं प्राधिकरण) क्रमांक हाती, म्हणजे जागा निर्धोक. दोन, २०१९ मध्ये सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचं नियंत्रण) उठला, आता भरतीच्या रेषेपासून ५० मीटर सोडले की सगळं कायदेशीर. तीन, नव्या काँक्रीटला खाऱ्या हवेचं काही होत नाही. चार, समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटर वाढतो, त्याची काळजी नातवंडांनी करावी. पाच, किनाऱ्याचा भाव कधीच उतरत नाही. सहा, मुलांसाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

पहिला मुद्दा सगळ्यांत घातक आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहिते.

कोचीचं मरडू हे उपनगर आठवा. बॅकवॉटरच्या काठावर चार मोठी संकुलं, त्यांत तीनशेहून जास्त सदनिका. स्थानिक पंचायतीची बांधकाम परवानगी होती. बँकांनी कर्जं दिली होती. लोक राहायला आले होते, घरपट्टी भरत होते. मधल्या काळात परवानग्या रद्द करण्याच्या नोटिसा निघाल्या, त्याविरुद्ध बिल्डर केरळ उच्च न्यायालयात गेले आणि तिथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. म्हणजे मेसेज ज्याच्यावर भरवसा ठेवायला सांगतो ते बँकेचं कर्ज तिथे होतं, वर उच्च न्यायालयाचा अनुकूल निकालही होता. त्या निकालाविरुद्ध केरळच्या किनारी क्षेत्र प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. इमारतींना परवानगी मिळाली तेव्हाच्या मंजूर नकाशात ती जागा सीआरझेड-३ मध्ये, म्हणजे फारशा न बांधलेल्या, ग्रामीण किनाऱ्याच्या वर्गात होती आणि प्राधिकरणाची संमती घेतलेलीच नव्हती, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चारही संकुलं पाडायचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत सुरुंग लावून ती जमीनदोस्त केली. लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं. धुळीचे लोट दिसले, पण त्या घरांत आयुष्याची पुंजी घातलेली माणसं फारशी दिसली नाहीत. प्रत्येक सदनिकेमागे २५ लाखांपर्यंत अंतरिम भरपाईचा आदेश झाला. बँकेचं कर्ज मात्र घर पडलं म्हणून माफ होत नाही. बँकेचा वकील जो ‘सर्च’ घेतो तो बँकेच्या पैशांसाठी. त्यात मालकी आणि बोजा पाहतात. भरतीची रेषा कुठून जाते, हे बघायला कुणी फीत घेऊन जात नाही.

महारेराचं म्हणाल, तर त्यामागचा कायदा चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूने भांडेन. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. करारनाम्याची नोंदणी झाल्याशिवाय त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे हक्क खरे आहेत. पण क्रमांक म्हणजे चारित्र्याचा दाखला नाही. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचं प्रकरण आपल्या समोर घडलं. पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून त्यांनी महारेराचे क्रमांक मिळवले होते. घर घेणाऱ्यांनी क्रमांक पाहिला, वेबसाइटवर नाव पाहिलं आणि पैसे भरले. पाडायचा आदेश त्यांच्याच घरांवर आला.

आता दुसरा मुद्दा, ‘२०१९ मध्ये सीआरझेड उठला’. हे वाचून मला खरंच राग आला, कारण यात खऱ्याचा एक तुकडा घेऊन त्यावर खोट्याचा मजला चढवलाय. १८ जानेवारी २०१९ ला नवी अधिसूचना निघाली आणि तिने नियम सैल केले, हे मान्य. ‘५० मीटर’ हा आकडाही तिच्यातलाच. पण तो कोणाला लागू? सीआरझेड-३ च्या ‘अ’ गटाला, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरमागे २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या दाट ग्रामीण भागाला. त्याहून विरळ वस्तीच्या ‘ब’ गटाला आजही २०० मीटरच. शहरी भाग बहुतेक सीआरझेड-२ मध्ये येतो, तिथे ५० मीटरचा हिशोबच नाही. तिथे विचारायचं ते हे की इमारत आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला आहे, की समुद्राकडच्या. आणि भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियंत्रणाखालीच राहिलाय, तो कुठेही उठलेला नाही. शिवाय नव्या सवलती लागू होतात त्या त्या भागाचा नवा किनारा नकाशा मंजूर झाल्यावर.

तारखाही शेजारी ठेवून बघा. सवलतीची अधिसूचना जानेवारी २०१९ ची, मरडूचा निकाल त्यानंतर चार महिन्यांनी. नियम सैल झाले म्हणून आधीचं बेकायदा बांधकाम वाचलं नाही.

बहिणीला मी एवढंच मागायला सांगितलंय: सर्व्हे नंबर टाकलेला, भरतीची रेषा दाखवणारा १:४,००० प्रमाणाचा सीआरझेड नकाशा, केंद्राने मान्य केलेल्या संस्थेने केलेला, आणि जागा पट्ट्यात येत असेल तर महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचं पत्र. ब्रोशरच्या मागच्या पानावरचा निळा समुद्र म्हणजे नकाशा नव्हे.

तिसरा मुद्दा काँक्रीटचा. आमची सोसायटी खाडीपासून हाकेच्या अंतरावर, आणि चार वर्षं मी तिची सचिव होते, त्यामुळे हे मी पाहिलेलं सांगते. स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा आधी फुगतो, मग पोपडा सुटतो, आणि आत तांबूस, पातळ झालेली सळई दिसते. लोक त्याला ‘गळती’ म्हणतात आणि वरच्या मजल्यावरच्याशी भांडतात. बऱ्याचदा वरचा बिचारा निर्दोष असतो. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर एक संरक्षक थर टिकतो. खाऱ्या हवेतला क्लोराइड हळूहळू आत झिरपतो आणि तो थर फोडतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि त्या दाबाने काँक्रीट आतून तडकतं. खाडीची वाळू न धुता वापरली असेल, तर क्लोराइड पहिल्या दिवसापासूनच आत असतो.

इथे मेसेजला अर्धा गुण देते, मनाविरुद्ध देते. नीट केलेलं काँक्रीट किनाऱ्यावरही टिकतं. पण ‘नीट’ म्हणजे काय, हे आयएस ४५६ या आपल्या मानकात लिहून ठेवलंय. किनारी वातावरणात उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला ते ‘तीव्र’ वर्गात टाकतं आणि किमान एम-३० प्रत (आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत) व सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, मागतं. सौम्य हवेतल्या बांधकामाला तेच मानक एम-२० आणि २० मिलिमीटरवर सोडतं. म्हणजे खाऱ्या हवेचं काही होत नाही असं मानकाला वाटत नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये मार्बलची चौकशी सगळेच करतात, कव्हर किती ठेवलंय हे कुणी विचारत नाही. ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. बैठकीत हा विषय मी काढला की ‘खर्च कशाला’ म्हणणारे हात आधी वर व्हायचे. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत, किती शिल्लक आहे, तेही विचारा. मेंटेनन्स कमी आहे म्हणून खूश होऊ नका.

समुद्राची पातळी, चौथा मुद्दा. आकडा बरोबर आहे. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालाप्रमाणे २००६ ते २०१८ या काळात जगाची सरासरी वाढ वर्षाला ३.७ मिलिमीटर होती. पण घरात पाणी सरासरीने शिरत नाही. मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की शिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरतीमुळे पाण्याला समुद्रात उतरायला वाट नव्हती. पातळी थोडी जरी वर सरकली तरी अशा दिवशी नाल्याचं तोंड जास्त वेळ पाण्याखाली राहतं. पावसाळ्यात, भरतीच्या वेळी, त्या गल्लीत स्वतः जाऊन उभं राहावं आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारावं. तो खरं सांगतो, त्याला फ्लॅट विकायचा नसतो.

भाव कधीच उतरत नाही, यावर फार बोलायची गरज नाही. जमिनीचा भाव वेगळा आणि गंजलेल्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्याचा वेगळा. पुनर्विकासाची वेळ आली की सीआरझेडचा पट्टा पुन्हा आडवा येतो, आणि तेव्हा बिल्डर रांग लावत नाहीत.

मुलांसाठी चांगलं, हे मात्र बरंचसं खरं आहे. संध्याकाळचा वारा, हिवाळ्यात न बोचणारी थंडी, सायकल चालवायला लांब रस्ता. माझीही मुलं तिथेच मोठी झाली आणि ती जागा सोडावी असं मला कधी वाटलं नाही. फक्त पावसाळ्यात त्यांना पाण्याजवळ एकटं सोडू नये. बहिणीने समुद्राजवळ राहू नये, असं मी म्हणतच नाहीये.

काल ती आणि भाऊजी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आले. नकाशा मागितल्यावर आधी ‘मॅडम, बँकेने पास केलंय ना’ असं उत्तर मिळालं, मग ‘पुढच्या आठवड्यात देतो’. शनिवारचं टोकन तिने थांबवलंय. मावशी, तू तो मेसेज पुढे ज्यांना पाठवलास, त्यांना हेही पाठव.