गर्भ मुलीचा असेल तर?

लेख आवडला, पण आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएवरून एक्टोपिक, म्हणजे गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिलेला गर्भ, ओळखणारी चाचणी जणू दाराशी येऊन ठेपलीये हा सूर जरा घाईचा वाटला. १९९७ मध्ये संशोधक डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी मातेच्या प्लाझ्मात (रक्तातल्या द्रवात) गर्भाचा डीएनए दाखवला, तो वाय गुणसूत्राच्या खुणेवरून. आईकडे वाय नसतंच, म्हणून ते सोपं. पण गर्भ मुलीचा असेल तर वाय सापडणारच नाही. मग निम्म्या बायकांना काहीच न सांगणारी चाचणी कॅज्युअल्टीत काय कामाची? शिवाय आपल्याकडे वाय शोधणं म्हणजे लिंगनिदानच. १९९४ चा लिंगनिदानबंदीचा कायदा आडवा येणार. (यायलाच हवा.)

कल्पनेत तथ्य मात्र आहे. हा डीएनए मुख्यतः वारेच्या पेशी मरताना रक्तात उतरतो. गर्भनलिकेची भिंत पातळ, रुजायला गर्भाशयासारखं अस्तर नाही, म्हणून तिथे पेशींची पडझड जास्त व्हावी हा तर्क पटतो. पण गर्भपात होऊ घातला असेल तरी पडझड होतेच की! दोन्हींतला फरक कसा करणार, हे लेखात कुठेच नाही. त्यात सहाव्या-सातव्या आठवड्यात हे प्रमाण अगदी तुटपुंजं. एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून गर्भाच्या गुणसूत्रांतले दोष तपासणारी चाचणी, तीसुद्धा साधारण दहाव्या आठवड्यापासून करतात.

तोवर ४८ तासांच्या अंतराने बीटा-एचसीजी (गरोदरपणातल्या संप्रेरकाची रक्ततपासणी) आणि योनीमार्गे सोनोग्राफी, हेच. पाळी चुकलीये, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, खांदा दुखतोय किंवा चक्कर येतेय, तर रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका.