पाखले बरे होते म्हणणाऱ्यांसाठी

डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितोय. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

सकाळी पणजीत फोंतेन्हासच्या गल्लीत होतो. पुतणीला त्या पिवळ्या-निळ्या घरांसमोर फोटो काढायचे होते. शेजारी पुण्याचा एक ग्रुप. त्यातले एक काका, शिकलेसवरलेले, मोठ्याने म्हणाले, "काही म्हणा, पोर्तुगीज अजून पन्नास वर्षं टिकले असते तर गोव्याचा युरोप झाला असता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पोरगी बरोबर होती, म्हणून मी गप्प बसलो. आता इथे बोलतो.

काका, पोर्तुगीज (आमच्याकडे त्यांना पाखले म्हणतात) १५१० साली आले आणि १९६१ साली गेले. साडेचारशे वर्षांत जो युरोप झाला नाही, तो पुढच्या पन्नासात होणार होता होय?

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, गोव्याच्या हद्दीजवळच्या बांद्याचे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्त करा म्हणत बांद्याहून हद्दीवरच्या पत्रादेवीला निघालेल्या सत्याग्रहींत ते होते. हातात काठीसुद्धा नाही, फक्त झेंडे. हद्द ओलांडली आणि गोळीबार सुरू झाला. त्या एका दिवसात वेगवेगळ्या नाक्यांवर मिळून वीसहून जास्त माणसं मेली. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग पत्रादेवीलाच पडला. आबा जमिनीवर आडवे झाले म्हणून वाचले, पण एका सैनिकाने बंदुकीचा दस्ता त्यांच्या डाव्या हातावर घातला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुन्हा कधी सरळ झालं नाही. लहानपणी आम्ही ती बोटं ओढून बघायचो. ते हसायचे.

आता तुम्ही म्हणाल, छापखाना त्यांनी आणला. आणला बाबा, १५५६ साली. वैद्यकीय शाळा १८४२ची. समान नागरी कायदाही त्यांचाच. घ्या, मान्य. पण त्या छापखान्याच्या मुलखात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळी लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडे न्यावी लागायची. सभा घ्यायची तर बंदी. १८ जून १९४६ रोजी लोहियांनी मडगावात नुसतं भाषण करायचं ठरवलं तर त्यांना उचललं. आणि राज्य एवढं सुखाचं होतं तर निम्मा गोवा मुंबईच्या कूडांमध्ये, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक खोल्यांमध्ये, पथाऱ्या टाकून का झोपत होता? आगबोटीवर खलाशी, हॉटेलात खानसामा, बँडमध्ये वाजंत्री, मिळेल ते काम करायला ही माणसं घर सोडून जात होती. विद्यापीठ बघायला गोव्याला १९८५ उजाडावं लागलं.

"शिस्त होती, चोऱ्या नव्हत्या." हे तर प्रत्येक लग्नात कोणीतरी ऐकवतंच. शिस्त म्हणजे कोण, तर कासिमिरो मोंतेरो. त्या काळातल्या सत्याग्रहींना नुसतं नाव घेतलं तरी पुरे. हा गोव्यातच जन्मलेला पोलीस, इथल्या कोठड्यांत हात साफ केला आणि पुढे सालाझारच्या गुप्त पोलिसांत गेला. १९६५ साली सालाझारचे विरोधक जनरल देल्गादो यांचा स्पेनच्या हद्दीत खून झाला, त्यात पोर्तुगालच्याच कोर्टाने पुढे याला दोषी ठरवलं. इथे शिकलेला हात तिथे त्यांच्याच माणसावर चालला. ही त्यांची शिस्त.

जरा पाणी पिऊन आलो.

आबांना मारणारा सैनिक गोरा नव्हता. आबा सांगायचे, आफ्रिकेतला काळा पोरगा होता, त्यांच्याच वयाचा, विशीचा, आणि त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेला. मोझांबिक, अंगोलाहून असे सैनिक गोव्यात आणून ठेवले होते. आबांना त्याचा कधी राग आला नाही. पाखल्यांना, म्हणजे गोऱ्यांना, ते शेवटपर्यंत शिव्या घालत राहिले, पण त्या पोराविषयी म्हणायचे, "त्याच्या घरी काय चाललं होतं कुणास ठाऊक."

काय चाललं होतं ते मी नंतर वाचलं. उत्तर मोझांबिकात शेतकऱ्यांना पोट बाजूला ठेवून कापूस लावायची सक्ती होती. तो कंपनीलाच विकायचा, कंपनी ठरवेल त्या भावाने. रस्त्यांवर, मळ्यांवर वेठबिगार. कायद्याने ही माणसं नागरिकच नव्हती, ती व्यवस्था १९६१ साली मोडली. आणि १९५१ साली लिस्बनने कागद फिरवून जाहीर केलं होतं की आमच्या वसाहती नाहीतच, हे सगळे समुद्रापलीकडचे प्रांत! घरी बापाला कापसाला जुंपायचं आणि पोराच्या हातात बंदूक देऊन पत्रादेवीला आमच्या आबांच्या अंगावर सोडायचं. साम्राज्य असं चालतं हो. फोंतेन्हासच्या बाल्कनीखाली उभं राहून हे दिसत नाही.

इंग्रजांनीही तेच केलं. जालियनवाला बागेत गोळ्या झाडणारे हात इथलेच होते, आपल्या मराठा पलटणी त्यांच्यासाठी मेसोपोटेमियात मेल्या. हे लिहिताना बरं वाटत नाही.

मला वाटतं आपण गोव्याची गोष्ट अर्धीच सांगतो. चिमाजी आप्पा, वसई १७३९, मग थेट लोहिया आणि मग आपलं लष्कर. मध्ये आफ्रिका नाहीच. ऑक्टोबर १९६१ मध्ये पोर्तुगीज वसाहतींवर दिल्लीत परिषद झाली. आफ्रिकेतल्या नेत्यांनी तिथे नेहरूंना तोंडावर सांगितलं की तुम्ही गोव्याला हात घाला, म्हणजे आमचाही मार्ग मोकळा होईल. अंगोलात त्याच वर्षी लढा पेटला होता. ऑगस्टमध्ये दाहोमीने, म्हणजे आजच्या बेनिनने, पोर्तुगालचा तिथला चिमुकला किल्ला घेतला, आणि तिथल्या अधिकाऱ्याने जाता जाता तो पेटवून दिला. डिसेंबरात गोवा. (नेहरूंनी चौदा वर्षं लावली, हे मलाही खुपतं. पण आज तो विषय नको.)

सालाझारचा हुकूम होता, एक तर जिंका नाही तर मरा. गव्हर्नर व्हासालो इ सिल्वा यांनी दोनेक दिवसांत शरणागती पत्करली आणि हजारो जीव वाचवले. त्याबद्दल लिस्बनने त्यांना लष्करातून हाकललं. मुरगाव बंदरात आपल्या नौदलाने निकामी केलेल्या त्यांच्या युद्धनौकेचं नाव होतं 'आफोंसो द आल्बुकर्क'. हाच तो आल्बुकर्क, ज्याने १५१० साली गोवा घेतल्यावर शहरातले मुसलमान कापून काढले आणि सहा हजारांचा आकडा राजाला पत्रात अभिमानाने कळवला.

आणि लगेच कुणीतरी हे हिंदू-ख्रिश्चन करून टाकेल, म्हणून आत्ताच सांगतो. गोवामुक्तीसाठी लढलेले त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा कोण होते? लोहियांना असोळण्याला आपल्या घरी ठेवून घेणारे डॉ. ज्युलियांव मिनेझिस कोण होते? पीटर अल्वारिस? गोवा सुटल्यावरही लिस्बनच्या तुरुंगात सडलेले तेलो मास्कारेन्हास? बार्देशात जन्मलेले आक्विनो द ब्रागांझा तर मोझांबिकच्या लढ्यात उतरले आणि १९८६ साली तिथल्या अध्यक्षांबरोबर, सामोरा माशेलबरोबर, विमान अपघातात गेले. ही ख्रिश्चन घरातली माणसं आपली नव्हेत काय?

आपण मराठी लोकही काही धुतल्या तांदळासारखे नाही. मुक्तीनंतर गोवा महाराष्ट्रात घालायला निघालो होतो. १९६७च्या जनमत कौलात गोंयकारांनी नाही म्हटलं, ते बरंच झालं.

आणि आबा काही देव नव्हते. त्यांच्या मनगटावर कायम एक स्विस घड्याळ असायचं. नाकेबंदीच्या काळात गोव्यातून चोरून आणलेलं, त्याच वाकड्या बोटांच्या हातावर. आजी त्यावरून टोमणे मारायची. "पाखल्यांचं राज्य नको आणि घड्याळ तेवढं हवं!" आबा म्हणायचे, "घड्याळ स्विस आहे, पाखल्यांचं नाही." आज आठवून हसलो, तेव्हा जरा राग उतरला. फिरंगी वस्तू स्वस्तात मिळायच्या, गंमत होती, हे मलाही कळतं. त्या काकांच्या घरातही कोणीतरी असं घड्याळ आणलं असेल, त्यांना तेवढंच ठाऊक असेल.

पण सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठी मास्तर म्हणून आले, मुक्तीच्या लढ्यात उतरले, १९५५ साली पकडले गेले आणि सुटले १९६९ साली. मधली कित्येक वर्षं पोर्तुगालच्या तुरुंगात. गोवा मोकळा होऊन सात वर्षं झाली होती. पोर्तुगालने गोवा भारताचा हे मान्य केलं १९७४ साली, तेही आफ्रिकेतल्या तेरा वर्षांच्या लढाईला विटलेल्या त्यांच्याच सैनिकांनी हुकूमशाही उलथवली तेव्हा. म्हणजे आबांच्या हातावर दस्ता घालणाऱ्या त्या पोराच्या भाऊबंदांनी लढा दिला नसता, तर तो कागद अजून किती वर्षं लटकला असता देव जाणे.

एक काम आहे. १५ ऑगस्ट १९५५ला बांद्याच्या बाजूने गेलेल्यांपैकी कुणी तुमच्या घरात असेल, त्यांचे फोटो, पत्रं, शिबिरातल्या याद्या, काहीही, तर मला मेसेज करा. आबांच्या तुकडीतली दोनच नावं मला ठाऊक आहेत. बाकीची शोधतोय.