‘बीपीए-फ्री’ म्हटलं की सुटलो?

बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘प्लॅस्टिकने हार्मोन बिघडतात ही परदेशी भीती. त्यातून पोटात जाणाऱ्या रसायनांचं प्रमाण नगण्य असतं, एका दिवसात लघवीवाटे निघून जातं, प्राण्यांवर तर काहीच परिणाम नाही, आणि बीपीए-फ्री डबा घेतला की विषय मिटला.’ दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत सगळ्यांनी तो पुढे ढकललाय, म्हणून हे उत्तर. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए, प्लॅस्टिकात वापरलं जाणारं एक रसायन.

प्रमाण नगण्य? आपल्या रक्तातलं एस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन पिकोग्रॅममध्ये मोजतात; पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशावर शरीर चालतं. बीपीए एस्ट्रोजेनसारखं वागतं हे 1936 मध्येच माहीत झालं होतं; प्लॅस्टिकात ते नंतर आलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये त्याची रोजची मर्यादा किलो वजनामागे 4 मायक्रोग्रॅमवरून 0.2 नॅनोग्रॅमवर आणली, 20,000 पट खाली. जर्मनीच्या सरकारी संस्थेला हे अति वाटलं, खरं आहे. पण तिने ठरवलेला आकडाही जुन्याच्या 20 पट खालीच आहे! शिवाय प्रमाणाइतकीच वेळ महत्त्वाची. अमेरिकेत गरोदर बायकांना डीईएस हे कृत्रिम एस्ट्रोजेन औषध म्हणून देत. आयांना लगेच काही झालं नाही. 1971 मध्ये त्यांच्या तरुण मुलींमध्ये योनीचा दुर्मीळ कर्करोग सापडला. तो डोस मोठा होता, प्लॅस्टिकशी थेट तुलना नको. पण गर्भातला धक्का पंधरा-वीस वर्षांनी दिसू शकतो, हे त्यातून कळलं.

दिवसात निघून जातं, हे बरोबर. पण आपण रोज नव्याने घेतो त्याचं काय?

प्राण्यांचं म्हणाल, तर जहाजांच्या तळाला लावायच्या ट्रायब्युटिलटिन या हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनाच्या रंगाने समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटली. 2008 पासून तो रंग आंतरराष्ट्रीय कराराने बंद आहे.

उरला ‘बीपीए-फ्री’. भारतात 2015 पासून बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत बीपीए चालत नाही, हे चांगलंच. पण पुष्कळदा त्याच्या जागी त्याचंच भावंड बिस्फेनॉल एस येतं, आणि प्रयोगशाळेत तेही एस्ट्रोजेनसारखंच वागतं. आणि सेव-उसळीचा उकळता, तेलकट रस्सा आपण ज्या पातळ पिशवीत बांधून आणतो, तिच्यात बीपीए बहुधा नसतंच; तिथे प्रश्न प्लॅस्टिकात मिसळलेल्या इतर रसायनांचा, जी उष्णतेने आणि तेलाने जास्त सुटतात. स्टीलचा डबा न्या. गाडीवाले नाही म्हणत नाहीत, उलट रस्सा जरा जास्तच ओततात.