तितिक्षा कोणी कोणाला सांगावी?

फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर गेला आठवडाभर नळाच्या पाण्याच्या टंचाईखेरीज दुसरा विषय नाही. शनिवारी संध्याकाळी बोलणे तेथूनच सुरू झाले, पण मास्तरांनी डोळे अर्धवट मिटून "मंडळी, तितिक्षा हवी, तितिक्षा!" असे उद्गार काढले आणि नळ बाजूला राहून सहनशीलतेच्या या संस्कृत शब्दावरच वाद पेटला.

मास्तरांचा हा शब्द कट्ट्याला नवा नाही. 2012 साली गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि बाबलचा ट्रक दारात गंजत उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्याला हाच शब्द ऐकवला होता. त्याच्याही आधी, जत्रेच्या नाटकातली नायकाची भूमिका काढून घेऊन त्याच्या हाती भाला दिला, तेव्हाही हाच. "मास्तर, ही तुमची तितिक्षा दर वेळी माझ्याच वाट्याला कशी येते?" असे बाबलने विचारले. मास्तरांनी उत्तरादाखल गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक खड्या आवाजात म्हटला आणि ‘तांस्तितिक्षस्व भारत’ या शब्दांवर बाबलकडे बोट रोखले.

सुलभाताईंनी संस्कृत शिकवण्यात हयात घालवली आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, पुढेही वाचत चला. अठराव्या श्लोकात तोच श्रीकृष्ण त्याच अर्जुनाला, त्याच नावाने हाक मारून, ‘तस्माद्युध्यस्व भारत’ असे सांगतो. शीत-उष्ण सोसायचे ते उभे राहण्यासाठी. तुम्ही मात्र चौदाव्यावरच पोथी बांधून ठेवता."

मग त्यांनी शब्दाचे मूळ उलगडले. तितिक्षा हा शब्द ‘तिज्’ धातूपासून आला आहे आणि त्या धातूचा अर्थ धार लावणे असा आहे. तेज, तीक्ष्ण, तिग्म ही सारी त्याच घरची मंडळी. ‘गुप्तिज्किद्भ्यः सन्’ या पाणिनीच्या सूत्राने त्याला ‘सन्’ प्रत्यय लागतो. जिज्ञासा, पिपासा यांत हाच प्रत्यय इच्छा दाखवतो. येथे मात्र वार्तिककारांनी, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांना पुरवण्या जोडणाऱ्यांनी, क्षमा हा अर्थ नेमून दिला आहे, आणि धातू तो अर्थ सांगत नसेल, तेव्हा ‘तेजयति’, म्हणजे धार लावतो, असे रूप होते. "आपल्या ‘सहन’मधला ‘सह्’ तरी काय सांगतो? वेदात त्याचा अर्थ जिंकणे, वरचढ होणे असा आहे. ‘सहस्’ म्हणजे बळ, आणि साहस त्यातूनच निघाले. क्षमा आणि क्षमता यांचा धातूही एकच. सोसण्याचे हे तिन्ही शब्द बळाच्या पोटी जन्मले आहेत, मास्तर. तुम्ही ते दुबळेपणाच्या दावणीला बांधता."

मास्तर गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’तली व्याख्या त्यांनी काढली, आणि ती खरोखर त्यांच्या बाजूची होती: ‘सहनं सर्वदुःखानामप्रतीकारपूर्वकम्’. प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणे, ती तितिक्षा. "अप्रतीकारपूर्वकम्! ऐकलेत ना?" असे म्हणून त्यांनी चहाचा पेला चोपदाराच्या दंडासारखा कट्ट्यावर आपटला.

"ऐकले," ताई म्हणाल्या. "पण हे कोणाला सांगितले आहे? शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान ही मोक्ष मागणाऱ्याची संपत्ती आहे. ती त्याने स्वतः निवडायची असते. पहाटे चार वाजता बादली घेऊन उठणारी बाई मोक्ष मागत नाही, पाणी मागते. आग्वादच्या तुरुंगात ज्यांनी दिवस काढले, त्यांनी अंधारकोठडी सोसली. पण पोर्तुगीज राजवट सोसली नाही."

मला ताईंचे म्हणणे पूर्णपणे पटते. माणूस स्वतःपुरती तितिक्षा अंगी बाणवतो, तेव्हा त्याच्यापुढे मान लवते. तोच शब्द दुसऱ्याच्या तोंडावर फेकला, की ती सत्ता होते, आणि आपल्याकडे तो शब्द बहुधा ज्यांच्या घरी टाकी भरलेली असते, त्यांच्याच तोंडी ऐकू येतो. मास्तरांच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत, हे बाबलने लगेच सांगून टाकले. त्यावर मास्तरांनी बाबलच्या जुन्या उधारीचा विषय काढला, आणि घटकाभर पाणिनी मागे पडला.

त्याला परत आणले ते ताईंनीच. "त्या एकाच सूत्रातून तीन शब्द निघतात: जुगुप्सा म्हणजे किळस, तितिक्षा, आणि चिकित्सा म्हणजे उपचार. तितिक्षेच्या शेजारीच उपाय बसलेला आहे, मास्तर!"

मास्तरांनी तिरमिरीत पेला उचलून मोठा घोट घेतला. वादाच्या भरात चहा पार थंड झाला होता आणि वर साय धरली होती, तोंड वेडेवाकडे करून त्यांनी तो शेजारच्या रोपट्याच्या बुंध्याशी ओतला आणि "हा काय चहा आहे?" म्हणून गाडेवाल्यावर ओरडले.

"झाले, सूत्र पुरे झाले," बाबल म्हणाला. "चिकित्सा ताईंची, तितिक्षा माझी, आणि ही मास्तरांची जुगुप्सा!"

गाडेवाल्यासकट सगळे हसत सुटले. मास्तरही हसले, आणि दुसरा चहा बाबलच्या उधारीत मांडायला सांगून पुन्हा विवेकचूडामणीकडे वळले.