सात काळ्या शाया आणि एक फिरता मेसेज

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यातल्या घराघरांत शिरलं, तेव्हापासून माझ्याकडे ओले फोटो घेऊन येणारी माणसं थांबलेली नाहीत. कुणाचे आजोबा पगडीसकट काचेला चिकटलेले, कुणाच्या लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकांत गुंतलेली. फोटो स्कॅन करायचा, डाग काढायचे आणि नव्यानं छापून द्यायचा, हे माझं काम. त्यामुळे पुढचा मेसेज मला आतापर्यंत चौघांनी तरी पाठवलाय.

त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं. रंगीत प्रिंटरवरचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो खोटा, कारण तिथे रंग मिसळून करडा बनतो. म्हणून टाक्या रिकाम्या करा आणि शुद्ध कार्बन शाईच्या सात छटा भरा. छटा जितक्या जास्त, तितका फोटो चांगला. कार्बनला कुठलीही झाक नसते, फोटो दोनशे वर्षं जसाच्या तसा राहतो आणि खर्चही निम्मा.

पहिलं वाक्य वीसेक वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं, तर मी मान डोलावली असती. निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून केलेला करडा ओट्यावरच्या उन्हात हिरवट दिसायचा आणि तोच फोटो आत पिवळ्या बल्बखाली नेला की जांभळट. साध्या चार रंगांच्या प्रिंटरवर हे आजही होतं. पण २००५ मध्ये एप्सननं ‘के-थ्री’ शाई आणली. तिच्यात गडद, फिकट आणि अतिफिकट अशा तीन काळ्या आहेत. ब्लॅक अँड व्हाइटच्या खास मोडमध्ये जवळजवळ सगळं काम या तीनच करतात. रंगीत शाई आमटीत गूळ घालावा तेवढीच, झाक जुळवण्यापुरती. एवढ्यावरून फोटो खोटा ठरत असेल तर गूळ घातलेली आमटीही खोटी म्हणायची.

आता सात छटा. ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेत व्हरमाँटच्या जॉन कोन यांनी ‘पिएझोग्राफी’ नावानं असे संच केले आणि ते खरोखर उत्तम आहेत. फिकट छटांचा उपयोग कुठे होतो, ते भिंगातून कळतं. शेजारच्या मावशींच्या सासूबाईंचा फोटो मी आधी नुसत्या गडद काळ्या शाईनं छापला. त्यांच्या गालावर, जिथे उजेड पडलाय तिथे, खसखस सांडल्यासारखे ठिपके दिसत होते. तीन काळ्यांवर छापल्यावर ठिपके गेले, गाल गालासारखा झाला. एका स्नेह्याच्या यंत्रावर सात छटांनी छापून आणलेली प्रत त्याहून किंचित मऊ होती, पण ते मला भिंग डोळ्याला लावल्यावरच समजलं. मावशींना दोन्हींत फरक सापडला नाही. एकाच्या तीन झाल्या की उडी मोठी पडते. तिनाच्या सात झाल्या की छोटी, कारण आजकालच्या प्रिंटरचा थेंब मुळातच काही पिकोलिटरचा, म्हणजे अतिशय बारीक असतो. शिवाय सातही छटा एकमेकींशी जुळवून घ्याव्या लागतात. त्यासाठी रॉय हॅरिंग्टन यांचं ‘क्वाडटोन रिप’ हे सॉफ्टवेअर वापरतात. त्यातून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापायची, मोजायची, दुरुस्त करायची. जुळवणी चुकली तर सात छटांचा फोटो तीन छटांपेक्षा वाईट दिसतो. याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

माझी मोठी हरकत मात्र कार्बनला झाक नसते या वाक्याला आहे. निरांजनावर धरलेल्या वाटीची काजळी बोटावर घ्या आणि पांढऱ्या कागदावर पसरत न्या. जाड थर काळा दिसेल, पातळ होत गेला की तपकिरी. शाईतला कार्बन बारीक दळलेला असतो, त्यामुळे तिची फिकट छटाही अशीच उबदार, तपकिरीकडे झुकलेली. तटस्थ किंवा थंड करडा हवा असेल तर त्यात निळसर पिगमेंट, म्हणजे न विरघळणारी रंगाची पूड, घालावंच लागतं. हे पिगमेंट कार्बनच्या आधी उडतं आणि काही वर्षांनी फोटो पुन्हा तपकिरीकडे सरकतो. म्हणजे झाक नको असेल तर ‘जसाच्या तसा’ सोडा, जसाच्या तसा हवा असेल तर तपकिरी झाक स्वीकारा. मेसेजमधली ही दोन वाक्यं एकमेकांच्या मुळावर उठलेली आहेत. मला स्वतःला ती तपकिरी झाक आवडते, जुन्या फोटोंना शोभतेही, पण ती नाहीच असं म्हणणं थापेबाजी झाली.

दोनशे वर्षांचा आकडा तर एकट्या शाईचा असूच शकत नाही. हेन्री विल्हेल्म यांच्यासारखे लोक टिकाऊपणा तपासतात तो शाई आणि कागद मिळून, शिवाय फोटो काचेमागे आहे की उघडा, हेही बघून. चकचकीत पांढरेपणासाठी कागदात ब्राइटनर घातलेला असेल तर शाई शाबूत राहूनही कागद पिवळा पडतो.

कागदावरून आणखी एक गोष्ट. कार्बनचे संच बहुतेक जण मॅट कागदावर वापरतात. मॅटवर काळ्याची घनता साधारण १.६ ते १.७ मिळते, चांगल्या ग्लॉसीवर २.२ च्या पुढे जाते. म्हणजे मॅटवरचा गडदातला गडद काळाही अंगावर पडलेल्या उजेडातला दोन-अडीच टक्के परत फेकतो, ग्लॉसीवरचा साधारण अर्धा टक्का. काळ्या कोटातल्या आजोबांना हा फरक सात छटांपेक्षा जास्त जाणवेल.

खर्चाचं गणित थोडक्यात. असा प्रिंटर त्याच कामाला अडकतो, त्यावर पुन्हा रंगीत फोटो छापता येत नाही. पिगमेंट तळाशी बसतं, बाटली हलवावी लागते, शाईची बारीक भोकं तुंबलीत का हे बघायला आठवड्याला नॉझल चेक करावा लागतो. गावाला जाऊन महिन्यानं परतलात तर हेड जाम झालेलं सापडू शकतं.

आणि ‘शुद्ध कार्बन’ हे लेबल कुणीही चिकटवू शकतं. घरातले सहा टाक्यांचे बरेच फोटो प्रिंटर डाय शाईवर, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईवर चालतात, त्यांच्यासाठी म्हणून मी एका दुकानातून अशी बाटली आणली होती. साध्या कागदावर रेघ ओढली, पूर्ण वाळू दिली आणि वर पाण्याचा थेंब टाकला. कार्बन हलला नसता. इथे काळ्यातून जांभळा ओघळ निघाला आणि कागदाच्या कडेपर्यंत गेला. तो कागद घेऊन दुकानदाराकडे गेलो, तर म्हणाला, ‘‘पण साहेब, फोटो पाण्यात कशाला घालता?’’

त्याचं घर बहुतेक वरच्या मजल्यावर असावं.