पोरगं बिघडलं की आईबापाला नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचाच

गावात एखादं पोरगं शाळा बुडवून टवाळक्या करत फिरायला लागलं की लोक लगेच म्हणतात, आईबापाचं लक्ष नाही. मी बीड जिल्ह्यात शिकवतो, हे पारावर ऐकतो आणि स्टाफरूममध्येही ऐकतो, आणि दरवेळी राग येतो. लक्ष नाही हे खरंय हो, पण का नाही ते कुणी विचारत नाही.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९९३ पासून १४२० मुलांचा अभ्यास चालू होता, जेन कॉस्टेलो आणि त्यांची टीम दरवर्षी मुलांच्या आणि पालकांच्या मुलाखती घ्यायची. त्यातली साधारण पाव मुलं चेरोकी या आदिवासी जमातीची. मधेच त्या जमातीच्या जमिनीवर कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळायला लागला, काम करा नाहीतर करू नका, पैसे येणारच. त्यामुळे तिथली साधारण १४ टक्के आदिवासी कुटुंबं गरिबीतून वर आली. आणि त्या घरातल्या मुलांची भांडणं, मारामाऱ्या, उलट बोलणं, चोऱ्यामाऱ्या इतक्या कमी झाल्या की जी मुलं कधीच गरीब नव्हती त्यांच्या बरोबरीला आली!! हे २००३ मध्ये छापून आलंय. आईबाप तेच, घर तेच. मग बदललं काय, तर आईबापाला पोरांवर नजर ठेवायला वेळ मिळायला लागला.

आता आमच्याकडे बघा. दिवाळी झाली की मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) घेतलेले नवराबायको कोयता घेऊन ऊस तोडायला साखर कारखान्यावर जातात ते पार मार्च-एप्रिलपर्यंत, पहाटे अंधारात फडात, रात्री गाडी आली की परत मोळ्या भरायला उठायचं. पोरं एकतर कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, राहतात आणि तिथं दहा वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळते, नाहीतर गावी म्हाताऱ्या आजीजवळ, जिला स्वतःलाच नीट दिसत नाही. सांगा, या आईनं लक्ष कधी द्यायचं? अशा पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, जिथं चांगली चालतात तिथं पोरं टिकतात, मी बघितलंय, पण आई संध्याकाळी घरी असणं वेगळंच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, त्या अभ्यासात मुलांची भीती आणि उदासी पैसे आल्यावर कमी झाली नव्हती. म्हणजे नुसते पैसे देऊन भागत नाही, पोरांशी बोलणारं माणूस पण लागतं आणि आमच्या शाळांत समुपदेशक शोधून सापडत नाही. पण म्हणून पैशाला कमी लेखू नका. फुकट पैसे दिले की लोक आळशी होतात म्हणणारे इथंही येतील कमेंटला, या, बोलू.

आणि जे आहे ते तरी पोचू द्या ना. बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील गेलेल्या मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळतात, पण कितीतरी विधवा बायकांना हे माहीतच नसतं, आणि ज्यांना माहितीय त्या फॉर्म भरून हप्त्याची वाट बघत बसतात. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड आणि बँक पासबुक घेऊन जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात घेऊन जा. नुसती लिंक फॉरवर्ड करू नका, सोबत जा, कारण एकट्या बाईला तिथं उद्या या म्हणतात.