‘इंडिया’ हे नाव इंग्रजांच्या कितीतरी आधीचं

दर ऑगस्टमध्ये तोच फॉरवर्ड फिरत येतो: ‘इंडिया’ हे नाव इंग्रजांनी ठेवलं, ते ‘इंडिपेंडंट नेशन डिक्लेअर्ड इन ऑगस्ट’चं लघुरूप आहे, आणि त्याआधी सगळं जग आपल्याला ‘भारत’च म्हणायचं.

लघुरूपाचा निकाल एका ओळीत लागतो. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती १६०० साली. ऑगस्ट १९४७ तिच्या नावात शिरणार कुठून?

नाव इंग्रजांनी ठेवलं, हे जरा सावकाश पाहू. मूळ शब्द आपलाच, सिंधू. संस्कृतातल्या ‘स’च्या जागी इराणी भाषांत बहुधा ‘ह’ येतो: सोमचा हओम, सप्तचा हप्त. आपण कर्जाचा ‘हप्ता’ भरतो तो फारसीतून आलेला, त्यातही हाच ‘सात’ आहे. सप्ताहाचा चुलतभाऊच म्हणा. त्याच नियमाने सिंधूचं हिंदू झालं. इ.स.पू. ५०० च्या आसपास इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) याच्या शिलालेखांत सिंधूकाठचा प्रांत ‘हिंदुश’ म्हणून येतो. तिथे तो मुलखाचा शब्द आहे, धर्माचा नाही. पुढे आयोनियन ग्रीकांच्या बोलीत ‘ह’च नव्हता. तो गळला, नदी ‘इंदोस’ झाली, आणि त्यावरून ग्रीक-लॅटिनमध्ये ‘इंडिया’. ग्रीक वकील मेगॅस्थेनिसने ‘इंडिका’ हे पुस्तक लिहिलं इ.स.पू. ३०० च्या सुमारास. तेव्हा ज्यांच्यावरून इंग्लंड हे नाव पडलं ते अँगल लोक ब्रिटनमध्ये उतरलेही नव्हते.

राहिलं ‘सगळं जग’. अरबीत हिंद, तुर्कीत हिंदिस्तान, हिब्रूत होदू (बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात हेच रूप आहे; मधला ‘न’ गळलेला). चिनीत आधी शेंदू, तिएनचू अशी रूपं होती. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने ‘यिंदू’ योग्य ठरवलं, तेच आजही चालतं. बहुतेकांनी नाव घेतलं ते नदीवरून. ‘भारत’ हे आतून वापरलेलं नाव: कलिंगचा राजा खारवेल याच्या हाथीगुंफा लेखात ‘भरधवस’ (भारतवर्षाचं प्राकृत रूप) आहे, विष्णुपुराणात समुद्र आणि हिमालय यांच्यामधलं ‘भारतवर्ष’ आहे. अशोकाच्या लेखांत मात्र ‘जंबुदीप’ सापडतं. म्हणजे घरातसुद्धा नाव एकच नव्हतं.

इंग्रजांच्या खाती एवढं जरूर मांडा: लॅटिनमधून आलेलं हे रूप त्यांनी सरकारी कागदावर पक्कं केलं. संविधानाच्या पहिल्या कलमातली ‘इंडिया, दॅट इज भारत’ ही जोड १८ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेने मंजूर केली. संविधानाच्या हिंदी पाठात तर क्रमच उलटा आहे: ‘भारत, अर्थात् इंडिया’.